आजीची वही साडेपाच जीबीची झाली आहे, फाइली लहान कशा करू?

शाईपेन | शुक्रवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

माझ्या आजीची (आईची आई) जात्यावरच्या ओव्यांची एक वही आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीची, लांब, पान जवळजवळ ए-फोरएवढं, एकूण २१४ पानं. निळ्या-काळ्या शाईतलं सुरेख बाळबोध अक्षर. आजी जाऊन बारा वर्षं झाली, वही मामाकडे कोल्हापूरला होती. यंदा गणपतीत गेले तेव्हा मागून आणली आणि पंधरा दिवस रोज रात्री थोडी थोडी स्कॅन केली. शिवण उसवली आहे, पानं सुटायला लागली आहेत. पुन्हा काचेवर उलटी घालायची माझी हिंमत नाही.

आता घोळ असा, की स्कॅनरनं सगळं बीएमपीत साठवलं. एक पान २६ एमबी! २१४ पानांचे साडेपाच जीबी झाले. मावसबहीण न्यू जर्सीत, मावशी इंदूरला, मामा कोल्हापूरला, आणि मामाला व्हॉट्सॲपपलीकडे काही उघडता येत नाही. सगळ्यांना पाठवायची आहे.

केलेले उद्योग: (१) फाइलीच्या नावातलं बीएमपी खोडून जेपीजी लिहिलं. साइझ तसूभरही हलला नाही. (२) एका फुकट संकेतस्थळावर चढवून पाहिलं, पाच पानांनंतर ते पैसे मागायला लागलं. (३) नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, झिप कर.

कशात बदलू? जेपीजी, पीएनजी, वेबपी, पीडीएफ, काय वाट्टेल ते सांगा, पण मराठीत सांगा.

चहाबाज | शुक्रवार, रात्री १०.२०

चार पेनड्राइव्ह आणा, कुरियर करा. धागा संपला.

(हलके घ्या.)

गोटीसोडा | शुक्रवार, रात्री ११.४७

शाईपेन, आधी तो २६ चा आकडा कुठून आला ते पाहू, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल.

ए-फोर पान ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. ८७ लाख गुणिले तीन, झाले २६ एमबी. बीएमपी हा इतका सरळमार्गी प्राणी आहे की त्याच्या पानावर ओव्या असोत वा कोरा कागद, तो २६ एमबीच मागणार. एकेक ठिपका मोजून लिहितो, बुद्धी म्हणून चालवत नाही.

नाव बदलून काही होत नाही, कारण फाइलीचा प्रकार नावात नसतो, पोटात असतो. जेपीजीच्या पहिल्या दोन बाइटांत एफएफ आणि डी८ अशी खूण असते, पीएनजीत पहिल्याच बाइटनंतर चक्क पीएनजी ही अक्षरं असतात, बीएमपीची सुरुवात बीएम या अक्षरांनी होते. तुम्ही डब्यावरची चिठ्ठी बदललीत, आत डाळ होती ती डाळच राहिली.

आता लहान करायचे मार्ग मुळात दोनच.

एक, काहीही न गमावता. पीएनजी असं करतं. आरत्यांच्या पुस्तकात धृपद पहिल्यांदा पूर्ण छापतात आणि पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसतं ॥धृ॥ लिहितात ना, अगदी तसंच. "हे मागे येऊन गेलंय, तिथून उचल" अशी खूण करून ठेवायची. उघडताना प्रत्येक ठिपका जसाच्या तसा परत मिळतो. मोबाइलचा स्क्रीनशॉट, आलेख, संगणकात टाइप केलेलं पान यांत एकसारखे पट्टेच्या पट्टे असतात, तिथे ही युक्ती कमाल चालते. पण तुमचा कागद जुना आहे. आपल्याला तो पिवळसर दिसतो, स्कॅनरला मात्र शेजारशेजारचे दोन ठिपके कधीच सारखे दिसत नाहीत. धृपद सापडतच नाही! म्हणून पीएनजी केलंत तर पान १४-१५ एमबीपर्यंत येऊन अडेल. झिपचंही तेच, आतलं यंत्र जवळपास एकच आहे. नवरोबा पूर्ण चुकलेले नाहीत, पण पुरतं बरोबरही नाहीत.

दुसरा मार्ग थोडं टाकून देण्याचा. जेपीजी. हे मानक १९९२ चं आणि अजून त्याला मरण नाही. ते चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. उजेड आणि रंग वेगळे करतं. डोळ्याला उजेडातला फरक पटकन कळतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी निम्मी आणि उभी निम्मी करून टाकतं, म्हणजे चौथाईच उरते. मग प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार ढोबळ आकड्यांत बसवतं. सोसायटीच्या सभेत कोण काय बोललं ते शब्दन् शब्द उतरवून घेणं म्हणजे पीएनजी, आणि सेक्रेटरीनं लिहिलेलं इतिवृत्त म्हणजे जेपीजी. ठराव बरोबर असतो, भांडणं गायब असतात.

फोटोत हे चालून जातं. अक्षरांत मात्र अडचण होते, कारण अक्षराची कड म्हणजेच तो बारीक चढउतार. जेपीजी फार दाबलं की अक्षराभोवती चिलटं घोंघावल्यासारखे ठिपके दिसतात. देवनागरीत तर अनुस्वार आणि रफार पहिले बळी पडतात.

तुमच्यासाठी माझा सल्ला: मूळ बीएमपी पीएनजीत बदलून तिजोरीत ठेवा, म्हणजे सुमारे ३ जीबी. चहाबाजांचा पेनड्राइव्ह तिथे कामी येईल. वाटायला २०० डीपीआय, जेपीजी, क्वालिटी ७० च्या आसपास. इरफानव्ह्यू हा विंडोजवरचा प्रोग्राम घरगुती वापराला फुकट आहे. उघडून बी दाबलं की घाऊक बदलायची खिडकी येते, सगळ्या फाइली एकदम निवडा, लागू द्या, तोवर चहा घ्या. आणि कुठल्याही संकेतस्थळावर घरातले कागद चढवू नका. आजीच्या ओव्यांचं एक वेळ ठीक आहे, पण लोक आधार कार्डसुद्धा बिनदिक्कत चढवतात.

चहाबाज | शुक्रवार, रात्री ११.५१

माझ्या प्रतिसादाची दखल घेतल्याबद्दल गोटीसोडांचे आभार. वाचनखूण साठवली.

बिट्टूचीआई | शनिवार, सकाळी ७.३०

छान धागा. माझा उलटा किस्सा सांगते, मला फाइल *मोठी* करायची होती.

भाचीचा बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरत होते. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, सहीचं माप १४० बाय ६० पिक्सेल. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही घेतली, मोबाइलवर फोटो काढला, कापून बरोबर १४० बाय ६० केला. झाला ३ केबी. अर्ज म्हणतो, फाइल लहान आहे. आता इतक्या इवल्या चित्रातून १० केबी आणायचे कुठून? कुणी म्हणालं डीपीआय ३०० कर. केला. ३ केबीच. रात्री साडेअकरा वाजलेले, बाराला अर्ज बंद. भाची रडायच्या बेतात, मी ओरडायच्या.

शेवटी नीट वाचलं तर मापाच्या पुढे "शक्यतो" अशा अर्थाचा शब्द होता. सही २८० बाय १२० केली, क्वालिटी पूर्ण १०० वर नेली. १४ केबी. घेतली एकदाची! ११.५२.

डीपीआयनं का फरक पडला नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गोटीसोडा | शनिवार, सकाळी ९.०५

बिट्टूचीआई, स्कॅन करताना डीपीआयला अर्थ असतो, कारण त्यावरच किती ठिपके घ्यायचे ते ठरतं. एकदा चित्र तयार झालं की डीपीआय ही फाइलीत लिहिलेली नुसती सूचना उरते, "छापताना इंचाला इतके ठिपके बसवा" अशी. ७२ लिहा, ३०० लिहा, ठिपके तेवढेच. साइझ ठरतो तो ठिपके किती, ते किती किचकट आणि दाबले किती यावर.

१४० बाय ६० म्हणजे ८,४०० ठिपके, त्यातले बहुतेक पांढरे. त्यातून १० केबी काढायचे म्हणजे कठीणच. तुम्ही ठिपके चौपट केलेत, तेच बरोबर होतं.

जत्रेचा बोर्ड | शनिवार, सकाळी ११.४०

माझं फ्लेक्सचं दुकान हाय, सांगली साइडला. या धाग्यावर रडायचा हक्क पहिला माझा.

गिऱ्हाईक येतंय, मोबाइल पुढं करतंय, "ह्यो सायबांचा फोटू, दहा बाय आठ फुटी करा, उद्या वाढदिवस." फोटो व्हॉट्सॲपवरनं चार गावं फिरून आलेला. माझ्याकडं येणाऱ्या असल्या फोटोची लांब बाजू बहुतेक १६०० पिक्सेल. दहा फूट म्हणजे १२० इंच. भागा बरं. इंचाला तेरा ठिपके! सायबांच्या मिशा लेगोच्या विटांनी बांधल्यावानी दिसत्यात, आणि शिव्या आम्ही खातोय.

तवा शाईपेनताई, मामांना पाठवायचं तर व्हॉट्सॲपला "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की ते परत दाबतंय. तुमी क्वालिटी ७० करणार, त्यावर ते आणि दाबणार. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची परत झेरॉक्स. जेपीजीचं अगदी तसंच असतंय, दर बारीला उघडून सेव्ह केलं की थोडं थोडं झडतंय. नुसतं उघडून बघितल्यानं न्हाय हां, सेव्ह केल्यावर.

आणि वेबपी कुणी पाठवू नका. माझ्या जुन्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात ते उघडतच न्हाय.

रानवारा | शनिवार, दुपारी १.१५

बोर्डदादा +१.

धागा पळवायचा हेतू नाही, पण आयफोनच्या एचईआयसी फोटोंचं काय करायचं? मुलगा पाठवतो, माझ्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. सगळे जेपीजी केले तर फोल्डर जवळपास दुप्पट झाला. लहान व्हायला हवा होता ना?

गोटीसोडा | शनिवार, दुपारी २.३०

नाही हो. एचईआयसी हे जेपीजीपेक्षा बऱ्याच नव्या तंत्रावर चालतं, व्हिडिओ दाबायचं एचईव्हीसी नावाचं जे तंत्र आहे त्यावर. म्हणून तोच फोटो साधारण निम्म्या जागेत बसतो. २०१७ साली आयओएस ११ बरोबर आयफोननं ते घेतलं. तुम्ही नव्यातून जुन्यात गेलात, फाइली वाढणारच. तुमच्या लॅपटॉपवर उघडणं हाच त्यातला फायदा, जागेचा नाही.

मुलाला सांगा, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, तिथे "मोस्ट कम्पॅटिबल" निवड. पुढचे फोटो थेट जेपीजीत येतील. जुने मूळ एचईआयसी मात्र पुसू नका.

असाच एक घोटाळा सर्रास दिसतो: जेपीजी फोटो "क्वालिटी वाढावी" म्हणून पीएनजीत बदलणे. ३ एमबीचा फोटो १५ एमबीचा होतो आणि क्वालिटी जिथे होती तिथेच राहते. एकदा उडालेला तपशील परत येत नाही, फक्त उडाल्याची साक्ष फार काटेकोरपणे जपली जाते.

जुनाजाणता | शनिवार, दुपारी ४.००

अवांतर, पण मौजेचे आहे म्हणून लिहितो. पीएनजी जन्माला आले तेच मुळी भांडणातून. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने जिफ काढले. रंग जास्तीत जास्त २५६, पण त्या काळच्या मोडेमवर ते देवासारखे वाटे. जिफच्या आत दाबण्याची जी पद्धत होती, एलझेडडब्ल्यू, तिचे पेटंट युनिसिसकडे होते. सात वर्षे सगळे जण सुखाने वापरत होते. १९९४ च्या डिसेंबरअखेर जाहीर झाले, की जिफ बनवणारी सॉफ्टवेअरे विकणाऱ्यांनी परवाना घ्यावा. इंटरनेटवरची मंडळी खवळली आणि पेटंटमुक्त पर्याय बनवायला बसली. १९९६ मध्ये पीएनजी तयार. अमेरिकेतले ते पेटंट २००३ मध्ये संपले, पण तोवर पीएनजी घरोघरी पोहोचले होते. आज जिफ उरले आहे ते शुभ सकाळच्या हलत्या गुलाबांपुरते.

वेबपीबद्दल बोर्डवाल्यांची तक्रार रास्त, तरी ते तंत्र वाईट नव्हे. गूगलने २०१० मध्ये आणले. त्यात जेपीजीसारखे टाकून देणे आणि पीएनजीसारखे जपणे, दोन्ही होते. ॲपलच्या सफारीत ते आले २०२० मध्ये, तेव्हा कुठे संकेतस्थळवाले निर्धास्त झाले. संकेतस्थळासाठी जरूर वापरावे. मामांसाठी नको.

चहाबाज | शनिवार, दुपारी ४.०९

व्हॉट्सॲपचे स्टिकरही वेबपीच असतात, जुनेजाणते. म्हणजे मामा रोज वापरतात, त्यांना माहीत नाही इतकंच.

शाईपेन | रविवार, रात्री ९.५०

मंडळी, तुम्ही सगळे धन्य आहात. झालं काम! आणि मी तर गोटीसोडांच्या पुढे गेले. :)

इरफानव्ह्यूत हात मारता मारता रंग कमी करायचा पर्याय सापडला. रंगीत ऐवजी निव्वळ काळं-पांढरं, दोनच रंग. टिफ या फाइलप्रकारात साठवताना दाबायच्या पद्धतींत "फॅक्स ४" असं काही होतं, ते निवडलं. २६ एमबीचं पान किती झालं असेल? ५८ केबी!! आख्खी वही १२.४ एमबी. एका मेलमध्ये मावली! डाग गेले, पिवळेपणा गेला, अक्षर छापल्यासारखं काळंभोर. बहिणीला आणि मावशीला मेल गेलासुद्धा. बीएमपी आता उडवू का? लॅपटॉप कण्हतो आहे.

गोटीसोडा | रविवार, रात्री ९.५८

उडवू नका. थांबा.

कासव | रविवार, रात्री १०.४०

शाईपेन, मी निवृत्त ग्रंथपाल. जुने दप्तर स्कॅन करून घेण्याच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून दोन प्रश्न विचारतो. वहीत पेन्सिलीने काही लिहिले आहे का? आणि शाई कुठे फिकी झाली आहे का?

विचारण्याचे कारण असे. दोन रंगांत बदलताना संगणक प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारतो: तू अमुक पातळीपेक्षा गडद आहेस की उजळ? ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, आणि रेघ बहुधा मधोमध १२८ वर आखलेली असते. तुमच्या जुन्या कागदाचा उजेड समजा २१५, शाईचा ६०. शाई काळी झाली, कागद पांढरा झाला, सगळे छान. पण पिवळ्या कागदावरची पेन्सिल साधारण १७० च्या आसपास असते. ती १२८ च्या वर, म्हणजे पांढरी. पुसट होत नाही, नाहीशीच होते. आणि तिथे काही होते हे कळायला जागाच राहत नाही, कारण पान अतिशय स्वच्छ दिसते.

बरे, रेघ वाढवून १९० वर न्यावी म्हटले, तर पेन्सिल वाचते, पण डाग आणि मागच्या पानाची उमटलेली शाईही काळी होऊ लागते.

दप्तरात आम्ही याहून भयंकर प्रकार ऐकला होता. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डाव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की झेरॉक्सची काही वर्कसेंटर यंत्रे कागद स्कॅन करताना आकडे बदलत आहेत. एका इमारतीच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे होती: १४.१३, १७.४२ आणि २१.११ चौरस मीटर. यंत्रातून निघालेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३! आकडे पुसट नव्हते, चांगले ठसठशीत होते, फक्त चुकीचे होते. कारण जेबिग-२ नावाची दाबण्याची पद्धत. ती एकसारखी दिसणारी अक्षरे एकदाच साठवते आणि बाकी ठिकाणी तोच छाप उमटवते. तिला दोन निराळे आकडे एकसारखे वाटले की संपले. कंपनीला दुरुस्तीचे सॉफ्टवेअर काढावे लागले. तुमच्या फॅक्स ४ मध्ये तसे होत नाही, ती काळे-पांढरे ठिपके आहेत तसेच जपते. तुमचा तपशील तिच्याआधीच, रंग कमी करतानाच गेला असेल तर गेला.

मला तेव्हा पहिला विचार आला तो हस्तलिखित सातबाऱ्याचा. त्यातला १ आणि ९ माणसालाच ओळखू येत नाही, तर यंत्राला काय येणार. चार गुंठ्यांवरून तीन पिढ्या कोर्टात जातात आपल्याकडे.

तेव्हा पेन्सिलीचे पाहा.

बिट्टूचीआई | रविवार, रात्री १०.५५

बाई गं. तिन्ही खोल्या १४.१३! अंगावर काटा आला.

शाईपेन | रविवार, रात्री ११.३५

कासवकाका, तुम्हाला कसं कळलं?

मूळ बीएमपी आणि नवी फाइल शेजारी शेजारी लावून बसले आहे. पान ३७. मूळ पानात एका ओवीत "नणंद" या शब्दावर पेन्सिलीची बारीक आडवी रेघ आहे आणि वर काहीतरी लिहिलं आहे. माझ्या काळ्याभोर फाइलीत नणंद जागेवर आहे, रेघ नाही, वरचं अक्षर नाही. पान ५२ वर समासात एक गावाचं नाव आहे, तेही गेलं. आत्तापर्यंत अकरा जागा सापडल्या, अजून १४० पानं बघायची आहेत. आजी पेन्सिलीनं नंतर दुरुस्त्या करत होती हे मला स्कॅन करताना दिसलंच नव्हतं. मी शाई वाचत होते.

मेल परत बोलवता येत नाही ना? मावशीनं छापायला टाकते म्हणून कळवलंय.

चहाबाज | रविवार, रात्री ११.४१

मावशींना आत्ताच्या आत्ता फोन करा. इंदूर जागं असतं या वेळी, सराफ्यात असतील.

गोटीसोडा | सोमवार, सकाळी ८.२०

बीएमपी आहेत ना, मग काही बिघडलेलं नाही. फिरून सांगतो.

रंग ठेवा. पेन्सिलीचा राखाडी आणि शाईचा निळा हाच तर दोघींतला फरक आहे, म्हणजे तेव्हाच्या आजी आणि नंतरच्या आजी. मग लेव्हल्समध्ये जाऊन पांढऱ्याचा बिंदू २५५ वरून २१० वर आणा. जिम्प या चित्रं सुधारायच्या प्रोग्राममध्ये हे सोपं आहे, तोही फुकटच. काय होईल बघा: कासवकाकांचे आकडे धरले तर कागद होता २१५, तो शुद्ध पांढरा होईल. पेन्सिल १७० ची २०६ होईल, फिकी पण वाचण्याजोगी. मागच्या पानाची शाई समजा १९५, ती २३७ वर जाऊन जवळपास विरेल. आणि गंमत म्हणजे यानं फाइलही आणखी लहान होते. जागा खात होता तो कागदाचा रवा, तोच सपाट झाला. ओव्या नव्हेत, पिवळा कागद तुमचे एमबी खात होता.

एका पानावर करून बघा. पसंत पडलं की तीच मापं सगळ्यांना. पण त्या एका पानासाठी सगळ्यात सोपं पान घेऊ नका, सगळ्यात खराब घ्या.

कासव | सोमवार, सकाळी ९.१०

सहमत. एक जोड: पुढे कधी असे पान स्कॅन कराल तेव्हा त्याच्या पाठीमागे काळा कागद ठेवा. स्कॅनरचे झाकण पांढरे असते, उजेड त्यावरून परत येतो आणि मागच्या बाजूची शाई दाखवतो. काळ्या कागदाने ते निम्म्याहून अधिक थांबते. आमच्याकडे याला खर्च शून्य होता, तरी साहेबांना पटवायला दोन वर्षे लागली.

जत्रेचा बोर्ड | सोमवार, दुपारी १२.३०

काका, साहेब सगळीकडं सारखेच.

शाईपेन | पुढचा शनिवार, रात्री १०.०५

आकडे देते, कुणाला तरी उपयोगी पडतील. सगळे पान ३७ चे आहेत, माझ्या स्कॅनरवरचे, तुमचे वेगळे येतील:

बीएमपी २६.१ एमबी. पीएनजी १५.२ एमबी. जेपीजी, ३०० डीपीआय, क्वालिटी ९०: ३.१ एमबी. तेच ७५ ला १.४ एमबी. २०० डीपीआय, क्वालिटी ७०: ३९० केबी. त्याआधी लेव्हल्समध्ये कागद पांढरा करून घेतला तर २९० केबी. वेबपीही करून पाहिलं, ते २२० च्या आत गेलं, पण मामासाठी मोह आवरला. आणि तो ५८ केबीचा प्रताप.

२९० वालं घेतलं. २१४ पानांचे ६२ एमबी. पीडीएफच्या चार भागांत बांधून मामाला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवले, बाकीच्यांना ड्राइव्हचा दुवा दिला. पीएनजी दोन पेनड्राइव्हवर आहेत, एक माझ्याकडे, एक मामाकडे. मावशीनं सुदैवानं छापायला टाकलं नव्हतं, नुसतं म्हणाली होती.

पेन्सिलीच्या एकूण जागा निघाल्या त्रेचाळीस.

पान ३७ वरचं आधी लागत नव्हतं. पडद्यावर चौपट मोठं करून बघितलं. "नणंद"वर रेघ मारून आजीनं वर "जाऊ" लिहिलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी ते मावशीला आणि मामाला पाठवलं. मावशी म्हणते, ओवी नणंदेचीच आहे, आमची आत्या तशीच होती. मामा म्हणतो, जावेचीच, मोठी काकू कशी बोलायची ते मला माहीत आहे. तीन दिवस झाले, दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत.

चहाबाज | पुढचा शनिवार, रात्री १०.११

५८ केबीची फाइल दोघांना परत पाठवा.